पत्तरस : चिनी हिरवा चहा आणि उपोसथाची दुपार

वर्षावासाच्या काळात दादर, परळ, लालबाग या भागांतील विहारांत अष्टशील ग्रहण करणारे उपासक-उपासिका एक प्रश्न हमखास विचारतात : मध्यान्हानंतर चहा चालेल काय? प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. पहाटेच्या पाळीपासून ज्या गिरणगावाचा दिवस चहावर चालत आला, तेथे दुपारनंतर तो सर्वस्वी वर्ज्य केला, तर अनेकांचे व्रत डोकेदुखीतच संपते.

याचे उत्तर विनयपिटकात सापडते. महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात केणिय जटिलाच्या निमित्ताने आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष इत्यादींच्या आठ पानकांस अनुज्ञा आहे. आणि त्यापुढेच सर्व प्रकारच्या पत्तरसास, म्हणजे पानांच्या रसास, शिजवलेल्या भाजीचा रस वगळून, अनुमती दिलेली आहे. पानके अग्नीवर शिजवावीत की नाही, याची अट्ठकथेत बारीक चर्चा आहे. तिच्यात येथे शिरत नाही. चहाचे पान हे भोजन नव्हे, ही गोष्ट आजच्या थेरवादी संघात सामान्यतः मान्य आहे. दुधाचे तसे नाही. पाचित्तिय नियमांत खीर आणि दधि ही पणीतभोजनांत मोजली आहेत, आणि पालि ‘खीर’ म्हणजे दूधच, आपली तांदळाची खीर नव्हे. तेव्हा अडचण चहाची नसून चहातील दुधाची आहे.

मग आपल्या नेहमीच्या चहातून दूध काढून टाकावे, तर तो घशाखाली उतरत नाही. सीटीसी पद्धतीची ती दाणेदार भुकटी दुधात उकळण्यासाठीच योग्य. तिचा तुरटपणा दुधातील केसीन बांधून घेते. नुसत्या पाण्यात घ्यावयाचा तर मुळातच तसा पिण्यासाठी तयार केलेला चहा हवा, आणि त्यासाठी चीनकडे वळावे लागते.

तेथेही हे पेय विहारांतूनच रुजले. आठव्या शतकातील फंग यन या अधिकाऱ्याच्या टिपणांनुसार, थाय पर्वतावरील लिंगयान विहारात, खाय-युआन कालखंडात (इ. स. ७१३-७४१), एक ध्यानाचार्य शिष्यांस झोप टाळावयास लावीत. सायंभोजनही नसे, चहाची तेवढी मुभा होती. त्या आचार्यांच्या नावाचा अर्थ ‘मारास नमविणारा’ असा होतो. विकालभोजनाची विरती आणि थीनमिद्धाचा प्रतिकार, दोन्ही एका पेल्यात साधलेली येथे दिसतात. तथापि तेव्हाचा चहा वड्या कुटून उकळलेला असे. सुटे पान पाण्यात भिजविण्याची रीत सार्वत्रिक झाली ती मिंग काळात. १३९१ मध्ये सम्राटाने वड्यांची खंडणी बंद केल्यावर तिला जोर आला.

उत्तम हिरव्या चहाचा नमुना म्हणून हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठचा लुंगचिंग घ्यावा. खुडलेले कोवळे पान तापल्या कढईत हाताने दाबून भाजतात. त्या उष्णतेने पान काळे पाडणारी क्रिया थांबते, म्हणून त्याचा हिरवेपणा टिकतो. एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या छिंगमिंग पर्वापूर्वीची खुडणी सर्वांत नाजूक, आणि अर्थातच सर्वांत महाग. पान चपटे, गुळगुळीत, किंचित पिवळसर हिरवे असावे, आणि त्यास भाजलेल्या दाण्यासारखा मंद सुवास यावा.

आपल्याकडे हे पान बिघडते ते उकळीमुळे. पाणी जितके कढत, तितका कडवटपणा आणि तुरटपणा लवकर उतरतो. गोडवा देणारे थियानिन मात्र कमी उष्ण पाण्यातही विरघळते. म्हणून नळाचे पाणी एकदा खळखळून उकळावे, त्याने क्लोरीनचा वासही जातो. मग ते एका पातेल्यातून दुसऱ्यात दोनदा ओतावे. साधारण ८० अंशांवर येते. साध्या काचेच्या पेल्यात सुमारे ३ ग्रॅम पान घालून प्रथम ते बुडेल इतकेच पाणी ओतावे, पेला हलवून वास घ्यावा, आणि नंतर २०० मिलिलिटरपर्यंत भरावा. दीड-दोन मिनिटांत पाने उमलून खाली बसू लागतात. एक तृतीयांश उरला की पुन्हा पाणी घालावे. तीन वेळा पान साथ देते.

पाण्याविषयी मुंबईकराने खंत करू नये. आठव्या शतकातील चहाशास्त्रकार लू यू याने डोंगराच्या पाण्यास पहिला मान दिला, विहिरीच्या पाण्यास शेवटचा. तानसा-वैतरणेचे पाणी हे डोंगरखोऱ्यांत अडविलेले पावसाचेच पाणी आहे. कान्हेरीच्या लेखांत ‘पोढी’ म्हणून येणारी टाकीही तेच पाणी साठवीत. खरी काळजी साठवणीची. पान भोवतालचा वास चटकन ओढून घेते, आणि वर्षावास नेमका दमट महिन्यांत येतो. चाळीतल्या खोलीत मसाल्याच्या डब्याशेजारी किंवा सुक्या बोंबलांच्या फळीवर ठेवलेल्या लुंगचिंगचे काय होते, ते सांगावयास नको. थोडेच आणावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

उपोसथाच्या रिकाम्या पोटी हा चहा काहींना मळमळतो. त्यांनी पान निम्मे घ्यावे, आणि सोबत गुळाचा खडा घेण्यास संकोच करू नये. पाच भेसज्जांत फाणित आहेच.