खेचरांच्या पाठीवरचे रुग्णालय

रणांगणावर जखमी झालेला सैनिक कशामुळे वाचतो? ‘कुशल डॉक्टरमुळे’ हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. तो डॉक्टर किती अंतरावर आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

एक सोपा हिशोब करू. जखमेत माती गेली की तिच्याबरोबर जंतूही जातात. अनुकूल परिस्थितीत काही जंतूंची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होते. समजा, रुग्णालय २४ किलोमीटर दूर आहे आणि स्ट्रेचर वाहणारे ताशी ४ किलोमीटर चालतात. वाटेत ६ तास गेले, म्हणजे संख्या १२ वेळा दुप्पट झाली. एका जंतूचे झाले ४०९६! रुग्णालय ४ किलोमीटरवर असते, तर झाले असते केवळ ४. शरीर जंतूंशी झगडते, त्यामुळे प्रत्यक्षातील आकडे वेगळे येतील. पण उशीर किती महागात पडतो, हे यावरून ध्यानात येईल.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. पेनिसिलीन तेव्हा वापरात आले नव्हते. चीनच्या मदतीसाठी १९३८ साली राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते.

उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी वरचे गणित उलटे मांडले होते. जखमींना रुग्णालयाकडे आणण्याऐवजी शस्त्रक्रियेचे साहित्य खेचरांवर लादून ते आघाडीजवळ जात. १९३९ साली शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतूनच जंतूंची बाधा होऊन ते वारले. पुढे १९४१ साली त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालकपद डॉ. कोटणीसांकडे आले.

पण एक डॉक्टर एकाच वेळी दहा ठिकाणी कसा पुरणार? म्हणून डॉ. कोटणीस चिनी भाषा शिकले आणि तेथील विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. एकाने दोघांना शिकवावे, त्या दोघांनी चौघांना. जंतूंप्रमाणे शिकलेले हातही असेच वाढत जातात. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, डॉ. कोटणीसांचे निधन झाले. त्यांनी शिकवलेले हात मात्र मागे राहिले.

आता तुमच्या घरापासून जवळचे आरोग्य केंद्र किती दूर आहे ते मोजा आणि पायी जाण्याच्या वेळेचा हाच हिशोब वहीत मांडून पाहा.