फिरता भोंगा पायाशी

पेडलच्या दुकानात गेलेला माणूस बहुधा एकच चाचणी करतो. गिटार जोडतो, एक कॉर्ड छेडतो, वेगाचं बटण पिळतो आणि आवाज थरथरायला लागला की पैसे काढतो. लेस्ली स्पीकरची नक्कल करणारं पेडल घ्यायचं असेल, तर या चाचणीतून काहीच कळत नाही. थरथर कुठलंही पेडल देतं. लेस्लीची ओळख पटते ती वेग बदलताना. मंद गतीतून जलद गतीत जाणाऱ्या त्या चार-सहा सेकंदांत पेडल खरं की खोटं ते ऐकू येतं. असं का, हे समजण्यासाठी मूळ पेटी कशी चालते ते आधी पाहायला हवं.

ही स्पीकरची पेटी निघाली ती हॅमंड ऑर्गनसाठी. तो ऑर्गन १९३५मध्ये बाजारात आला. पाइप ऑर्गन परवडत नसलेल्या चर्चसाठी आणि घरांसाठी तो मोठाच दिलासा होता. त्याच्या पोटात दातेरी धातूच्या चकत्या एका ठरलेल्या वेगाने फिरतात आणि त्यांच्यामुळे शेजारच्या चुंबकाभोवतीच्या तारेत सूर जन्मतो. यंत्र इतकं नेमकं, की सूर तसूभर हलत नाही. लॉस एंजेलिसच्या डॉन लेस्ली यांना हा नेमकेपणाच खटकला. दुकानाच्या प्रशस्त दालनात ऐकलेला ऑर्गन त्यांना आवडला होता. पण १९३७मध्ये तो घरी आणल्यावर लहान खोलीत त्याचा आवाज सपाट आणि निर्जीव वाटला. मोठ्या दालनात भिंतींवरून परतणारे ध्वनी एकमेकांत मिसळत होते, घरी तसं काही नव्हतं. लेस्ली रेडिओ दुरुस्त करणारे, हातात कसब असलेले गृहस्थ. खोली मोठी करता येत नाही, तर आवाजालाच फिरवावं, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी तयार केलेली पेटी लॉरेन्स हॅमंड यांना मात्र पसंत पडली नाही. हॅमंड यांच्या कंपनीने ती विकायला नकार दिला. मग लेस्ली यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९४१च्या सुमारास स्पीकर विकायला सुरुवात केली. पुढे जॅझमध्ये जिमी स्मिथ, रॉकमध्ये कितीतरी बँड आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले वादक यांनी हॅमंड आणि लेस्ली ही जोडी अशी काही वापरली, की एकाशिवाय दुसऱ्याचं नाव निघेना. ज्याला नकार दिला, त्याच स्पीकरमुळे हॅमंडचा आवाज जगाला ओळखीचा झाला. १९८०मध्ये लेस्लीचा व्यवसाय शेवटी हॅमंडकडेच आला.

सर्वांत गाजलेलं मॉडेल १२२. लाकडी कपाट, बाजूंना झडपांसारख्या फटी, आत सुमारे ४० वॉटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. आवाज आत शिरला की ८०० हर्ट्झच्या आसपास त्याचे दोन भाग होतात. वरचा भाग माथ्यावरच्या फिरत्या भोंग्यातून बाहेर पडतो. तिथे दोन भोंगे दिसतात, पण वाजतो एकच. दुसरा फक्त तोल सांभाळतो. खालचा भाग १५ इंची स्पीकरमधून खाली तोंड करून निघतो आणि एका फिरत्या पिंपावर आपटून चहूबाजूंना फेकला जातो. भोंगा एका दिशेने फिरतो, पिंप उलट दिशेने. स्पीकर स्वतः जागचा हलत नाही. फिरतं ते आवाजाचं तोंड.

स्टेशनवर न थांबणारी गाडी शिटी वाजवत गेली की तिचा सूर आपल्याजवळून पुढे जाताना घसरतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. भोंग्यातही तेच घडतं. जलद गतीत तो मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेतो. त्याचं तोंड आसापासून २० सेंटीमीटरवर आहे असं धरलं, तर ते सेकंदाला आठ मीटरहून थोड्या जास्त वेगाने आपल्याकडे येतं आणि दूर जातं. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. म्हणजे सूर दोन-अडीच टक्के वर चढतो आणि तितकाच खाली येतो. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांत साधारण सहा टक्क्यांचं अंतर असतं, त्याच्या निम्म्याहूनही हे कमी. शिवाय तोंड आपल्याकडे असताना आवाज मोठा आणि धारदार, पाठमोरं असताना बारीक आणि मंद. त्यात खोलीच्या भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी, प्रत्येकाचा चढउतार वेगळ्या क्षणी. सूर, जोर, पोत आणि दिशा या चारही गोष्टी एकाच वेळी हलत राहतात.

आणि मुख्य मुद्दा वजनाचा. भोंगा हलका आहे. बटण दाबलं की सेकंदभरात पूर्ण वेग घेतो. पिंप जड आहे, त्याला पट्ट्याने ओढत वेगावर आणायला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढा वेळ वरचे सूर थरथरत असतात आणि खालचे अजून झोके घेत असतात. दोघांचा शेवटचा वेगही सारखा नसतो, पिंप जरा मागेच राहतं. मला लेस्लीचं सगळं सौंदर्य या विसंवादात दिसतं. कुणी संगीतकाराने ते योजलेलं नव्हतं. लाकूड, पट्टा आणि मोटर यांच्या जडत्वातून ते आलं.

ऑर्गनबाहेरच्या संगीतकारांना या आवाजाचा मोह साठच्या दशकात पडला. १९६६मध्ये बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’साठी जॉन लेननचा आवाजच लेस्लीतून काढला गेला. पिंक फ्लॉइडच्या ‘एकोज’च्या सुरुवातीचा तो टपोरा थेंबासारखा सूर म्हणजे लेस्लीतून नेलेला पियानो. पण कपाट अवजड, मंचावर चढवायला दोन धडधाकट माणसं लागतात. भारतात आणखी एक अडचण: अमेरिकन पेटीच्या मोटरी ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेल्या, आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, वारंवारता तशीच राहते आणि मोटर सुमारे एक षष्ठांशाने मंदावते. त्यामुळे मोटरवरची कप्पी बदलावी लागते. पेडलची गरज आहे ती इथे.

पहिली पेडलं नक्कल म्हणून फारशी जवळ नव्हती, पण स्वतःच्या गुणावर टिकली. जपानच्या शिन-एई कंपनीत फुमिओ मिएदा यांनी साठच्या दशकात युनि-व्हाइब घडवलं. मधोमध लुकलुकणारा छोटा दिवा, भोवती प्रकाशाला प्रतिसाद देणारे चार घटक. जिमी हेंड्रिक्सने ते १९६९मध्ये वुडस्टॉकच्या मंचावर नेलं. १९७४चं फेज ९० आणि १९७६चं बॉसचं सीई-१ हे कोरस पेडल त्याच ओढीतून लोकप्रिय झाली. ही सगळी पेडलं पूर्ण आवाजाला एकाच चक्रात फिरवतात. भोंगा आणि पिंप वेगळे नाहीत, म्हणून त्यांच्यातली फारकतही नाही. ज्याला हेंड्रिक्सचा आवाज हवा त्याने लेस्लीच्या नकलेवर पैसे घालू नयेत, युनि-व्हाइबच्याच जातीचं पेडल घ्यावं.

म्हणून निवडीचा पहिला प्रश्न: तुमच्या कानात कोणतं रेकॉर्ड आहे? स्टीव्ही रे वॉनच्या १९८४च्या ‘कोल्ड शॉट’मध्ये ऐकू येतो तो आवाज १२२चा नाहीच. सीबीएसने १९६५मध्ये फेंडर आणि लेस्ली यांच्या कंपन्या घेतल्या आणि त्यातून फेंडर व्हायब्राटोन नावाचा गिटारसाठीचा स्पीकर निघाला. त्यात भोंगा नव्हता. एक दहा इंची स्पीकर आणि त्याच्यासमोर फिरणारं पिंप, एवढंच. हा आवाज हवा असेल तर ज्या पेडलमध्ये भोंग्याची पातळी कमी करता येते ते घ्यावं. स्ट्रायमन लेक्समध्ये ती सोय आहे. गिटारच्या बाबतीत पिंपाला एरवीही महत्त्व आहे. गिटारचे बहुतेक मूळ सूर ८०० हर्ट्झच्या खालीच असतात, भोंग्याच्या वाट्याला मुख्यतः त्यांची उपस्वरांची झळाळी येते. पिंपाची नक्कल कच्ची असलेलं पेडल गिटारवर पातळ वाटतं ते यामुळे.

कीबोर्डवाल्याचं गणित वेगळं. त्याला दोन्ही फिरत्या भागांची चोख नक्कल लागते, कारण त्याचे दोन हात दोन पट्ट्यांत वाजत असतात. जर्मनीच्या निओ इन्स्ट्रुमेंट्सचं व्हेंटिलेटर १२२ समोर ठेवूनच बनलं आणि कीबोर्डवादकांनी ते उचलून धरलं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने तर लेस्टर जी गिटारसाठी आणि लेस्टर के कीबोर्डसाठी अशी दोन पेडलं वेगवेगळी काढली. कीबोर्डचा आउटपुट गिटारपेक्षा बराच जोरदार असतो. फक्त गिटारसाठी बनलेल्या पेडलमध्ये तो फाटतो. आणि कीबोर्डमध्ये आतच लेस्लीचा परिणाम चालू असेल तर तो आधी बंद करावा. दोन लेस्ली एकावर एक बसले की नुसता चिखल होतो.

दुकानात माझा आग्रह असा: पेडल मंद गतीवर ठेवा, एक भरघोस कॉर्ड धरून ठेवा आणि जलदचं बटण दाबा. वरचे सूर आधी पळाले आणि खालचे मागून आले तर पेडल ऐकण्याजोगं आहे. सगळा आवाज एकत्रच वेग घेत असेल तर ते ठेवून द्या, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. मग उलट करा, जलदवरून मंद. उतरतानाही हीच फारकत ऐकू यायला हवी. त्यानंतर गती पूर्ण थांबवून पाहा. मूळ पेटीत भोंगा कुठेतरी तोंड करून थांबतो आणि कपाटाचा लाकडी पोत मागे राहतो. चांगल्या पेडलमध्ये तो राहतो.

स्टिरिओसाठी जादा पैसे मोजायचे का, हे तुम्ही कुठे वाजवता त्यावर ठरतं. घरी हेडफोन लावून किंवा रेकॉर्डिंग करताना स्टिरिओशिवाय मजा नाही. पण आपल्याकडच्या पुष्कळ सभागृहांत ध्वनिव्यवस्था मोनोच असते. तिथे डावं-उजवं फिरणं विरून जातं, उरतो तो सुराचा आणि जोराचा चढउतार. म्हणून पेडल मोनोतही ऐकूनच घ्यावं. नकलेतल्या पेटीसमोरच्या माइकचं अंतर बदलण्याचं बटण असेल तर मोनोत ते जरा दूर ठेवावं, जवळच्या माइकचे धक्के एकाच स्पीकरमधून बोचतात. पेडलांच्या रांगेत हे पेडल डिस्टॉर्शनच्या नंतर, शेवटाकडे असावं, कारण मूळ व्यवस्थेत स्पीकर हाच शेवटचा टप्पा आहे.

आणि पाय कधी टाकायचा? ऑर्गनवाले ध्रुवपदाच्या समेवर बटण दाबत नाहीत, दोन मात्रा आधी दाबतात. पिंपाला पोचायला वेळ लागतो, म्हणून ध्रुवपद सुरू होतं त्या क्षणी भोंगा पूर्ण वेगात आणि पिंप अर्ध्या वाटेवर असतं. वेग घेण्याचा काळ बदलता येणारं पेडल असेल, तर तो गाण्याच्या लयीप्रमाणे बसवावा: विलंबित गाण्यात लांब, द्रुत गाण्यात आखूड.