एक्सप्लेनर : कंट्रोलर जळला, तरी डेटा शाबूत कसा?

बार्शीटाकळीतला शेतकरी १५ रुपये भरून मोबाइलवर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढतो. अशा ऑनलाइन सेवांचा डेटा दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतो. तिथल्या स्टोरेज क्लस्टरमधल्या एका नोडचा कंट्रोलर जळाला तर?

कंट्रोलर म्हणजे डिस्कवर लिहिणारा-वाचणारा संगणक. माहिती राहते ती डिस्कमध्ये. नेटॲपसारख्या यंत्रणेत कंट्रोलरची जोडी असते. एक पडला की दुसरा त्याच्या डिस्क ताब्यात घेतो आणि सेवा सुरू राहते.

खरी कसोटी नवा कंट्रोलर बसवल्यावर लागते. त्याचा सिस्टम आयडी वेगळा, डिस्कवर मात्र जुन्या आयडीची मालकी नोंदलेली. म्हणजे सातबाऱ्यासारखा इथेही फेरफार आलाच! आधी घड्याळ जुळवायचे, मग डिस्क नव्या आयडीच्या नावावर करायच्या. त्यानंतर जोडीदार ताबा परत देतो. याला गिव्हबॅक म्हणतात. नेटवर्कचे पत्तेही मूळ पोर्टवर आणावे लागतात.

तोवर ग्राहकाला सारे सुरळीतच दिसते. पण त्या काळात सगळा भार एकाच कंट्रोलरवर असतो आणि तोही पडला, तर सेवा ठप्प. म्हणून दोन्ही नोड पुन्हा एकमेकांचा भार घ्यायला तयार आहेत, हे तपासल्याशिवाय इंजिनिअर जागा सोडत नाहीत.