एकच माती, दोन आकडे

मागच्या एप्रिलमध्ये कंधारजवळच्या एका शेतातली काळी माती वाळवली, चाळली आणि तिचे दोन भाग केले. एक आमच्या लॅबमध्ये तपासला, दुसरा मित्राच्या लॅबला पाठवला. उपलब्ध स्फुरद आमच्याकडे हेक्टरी 13 किलो आलं, त्याच्याकडे 8. वाटलं, चूक माझीच. परत केलं, तर तेच.

गंमत म्हणजे दोघांच्याही वहीत एकच ओळ होती: ‘ऑल्सेन पद्धतीने’.

ही पद्धत 1954 ची. आपल्या चुनखडीयुक्त जमिनींना हीच वापरतात. 0.5 मोलर सोडियम बायकार्बोनेट, सामू 8.5, मातीच्या वीसपट द्रावण, 30 मिनिटं शेकरवर. एवढं दोघांनीही पाळलं होतं. मग फोनवर एकेक पायरी वाचत गेलो. त्याचा शेकर एसीत, 25 अंशांवर. आमचा पंख्याखाली, 30 अंशांवर!

तापमान वाढलं की मातीतून स्फुरद जास्त सुटतं. ऑल्सेन यांनीच हे नोंदवलंय: 20 ते 30 अंशांदरम्यान दर अंशामागे सुमारे 0.43 पीपीएम. पाच अंशांचे झाले दोन पीपीएमहून जास्त, म्हणजे हेक्टरी जवळपास 5 किलो.

हेक्टरी 10 किलोच्या खाली ‘कमी’, वर ‘मध्यम’. म्हणजे त्याच शेतकऱ्याला एक लॅब जास्त खत टाकायला सांगणार, दुसरी नाही. पैसे त्याचे जाणार.

मोठ्या लॅबही यातून सुटत नाहीत. बर्कले आणि बोस्टनच्या दोन गटांचे स्तनपेशींवरचे निकाल जुळेनात. वर्षभराहून जास्त शोधल्यावर कळलं, ऊतीतून पेशी सुट्या करताना एक गट हळू हलवत होता, दुसरा जोरात ढवळत होता. 2014 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

यासाठीच एफएओने 2017 मध्ये ‘ग्लोसोलॅन’ हे माती प्रयोगशाळांचं जागतिक जाळं सुरू केलं. सगळ्यांनी मिळून एक लेखी कृती ठरवायची, मग एकसारखे नमुने सगळीकडे तपासून आकडे ताडायचे.

तुम्ही संशोधनाला सुरुवात करताय? मग तीन गोष्टी करा. वहीत पद्धतीच्या नावासोबत तापमान, शेकरचा वेग, फिल्टर पेपर, रसायनाचा बॅच नंबरही लिहा. एक नमुना जपून ठेवा आणि प्रत्येक बॅचसोबत तपासा. आणि वर्षातून एकदा तरी नमुना दुसऱ्या लॅबला पाठवा.

आम्ही दोघांनी 25 अंशांवर परत केलं. 8.3 आणि 8.6 आलं. आता शेकरजवळ थर्मामीटर टांगलाय.