दुर्बिणीचा शेजारधर्म

नेमबाजीचा सामना पाहायला आलेल्या माणसाचे लक्ष रायफलीकडे असते. नेमबाजाच्या डोळ्याशेजारी स्टँडवर आणखी एक वस्तू मुकाट उभी असते, ती म्हणजे दुर्बीण. रेंजवरच्या भाषेत ‘स्पॉटिंग स्कोप’. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून आमच्या कॉलेजातही या खेळाची विचारपूस होते. दुर्बिणीची मात्र कोणी करत नाही.

५० मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि गोळीचे छिद्र ५.६ मिलिमीटरचे. काळ्या भागात पडलेले एवढेसे छिद्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये असतात, गोळीची जागा लगेच पडद्यावर उमटते. कागदी लक्ष्यावर ती दुर्बिणीतूनच पाहायची आणि त्यावरून साइटचे क्लिक फिरवायचे. आमच्याकडे नेमबाज चार आणि दुर्बीण एक; तेव्हा वाटून घेणे आलेच.

गेल्या वर्षी एका सामन्यात मी व माझा एक कन्नड मित्र शेजारशेजारी झोपून फायर करत होतो. दुर्बीण दोघांच्या मधे. माझी गोळी पाहायला मी ती बोटभर वळवली आणि तशीच ठेवली. दुर्बिणीत काळे वर्तुळ तेवढे दिसते, लक्ष्याचा नंबर नाही. डावीकडे पडलेल्या माझ्या गोळ्या त्याला आपल्या वाटल्या. त्याने साइट उजवीकडे नेली आणि पुढच्या चार गोळ्या वाया घालवल्या. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर खतवू नये, हे अकाउंटन्सीच्या वर्गात मी शंभरदा ऐकले होते!

तेव्हा, दुसऱ्याच्या लक्ष्यावर लावलेली दुर्बीण विचारल्याखेरीज हलवायची नाही, आणि तो नेम धरून असताना विचारायचेही नाही. फोकस प्रत्येकाच्या डोळ्याप्रमाणे बदलतो, म्हणून वाटणी सामन्याआधीच ठरवावी. काच शर्टाच्या टोकाने पुसू नये. धुळीच्या कणाने चरा पडतो. स्टँडचा पाय शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊ देऊ नये. (सीमाभागातल्यांना हद्दीचे महत्त्व मी काय सांगावे?) आणि दुर्बीण नाही म्हणून रायफलीवरच्या टेलिस्कोपमधून इकडेतिकडे पाहणे तर कधीच नाही, कारण नजर जाते तिकडे नळीही जाते.

सर्वांत अवघड पथ्य तोंडाचे. शेजाऱ्याची गोळी दिसली तर ‘अरेरे’ नको आणि ‘वा’ही नको. फायरिंग लाइनवरच्या नेमबाजाला सामना चालू असताना बोलून मार्गदर्शन करण्यास नियमानेच मनाई आहे. आपल्या लक्ष्यावर परकी गोळी आढळली तर मात्र गप्प बसू नये. पण सांगायचे ते रेंज ऑफिसरला, शेजाऱ्याला नव्हे.

यंदा आम्ही दोघे वेगवेगळ्या डिटेलमध्ये नाव देतो. तो उठला की दुर्बीण माझी. परवा सरावात तो नेम धरत असताना मागून मी काही बोलणार, तोच त्याने मान न वळवता म्हटले, “सुम्निरु!” मी गप्प राहिलो.