निनावीपणा राखणाऱ्या आज्ञावलीचे दर्शनी पटल : पुढील आखणीचा विचार

मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव एका बाजूस अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी यांमधील वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसले आहे. अशा गावाच्या खाडीत परकी होडी शिरली, तर तिच्यावरील नाव पुसलेले असले तरी ती गावची नव्हे हे काठावरच्या माणसास तत्काळ उमगते. तीच होडी मालवण बंदरातील होड्यांच्या गर्दीत उभी राहिली, तर तिच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. केवळ नाव पुसल्याने निनावीपणा लाभत नाही. तो सारख्या दिसणाऱ्यांच्या गर्दीत मिसळल्याने लाभतो. निनावीपणा राखणाऱ्या आज्ञावलीच्या दर्शनी पटलाची, म्हणजे तिच्या खिडक्या, बटणे व चिन्हे यांची, आखणी कशी असावी, या प्रश्नाचे मूळ याच तत्त्वात आहे.

या वर्गातील प्रमुख आज्ञावली टॉर ही होय. तिची मूळ कल्पना 1990 नंतरच्या दशकात अमेरिकन नौदलाच्या संशोधनशाळेत आकारास आली, आणि रॉजर डिंगलडाइन, निक मॅथ्यूसन व पॉल सिव्हरसन यांनी 2004 मध्ये टॉरची रचना निबंधरूपाने मांडली. वापरकर्त्याचा संदेश कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सांकेतिक आवरणांत गुंडाळून सामान्यतः तीन सर्व्हरांतून नेला जातो. पहिल्यास पाठविणारा ठाऊक असतो, परंतु अंतिम ठिकाण ठाऊक नसते. तिसऱ्यास ठिकाण ठाऊक असते, परंतु पाठविणारा नसतो. तथापि, कोणी टॉर वापरीत आहे ही गोष्ट स्थानिक जाळे चालविणाऱ्यास सहसा दिसू शकते. डिसेंबर 2013 मध्ये हार्वर्ड विद्यापीठास टॉरद्वारे खोटी धमकी पाठविणारा विद्यार्थी सापडला, तो सांकेतिक आवरण भेदले गेले म्हणून नव्हे. विद्यापीठाच्या जाळ्यावरून त्या वेळी टॉर वापरणारे मोजकेच होते, म्हणून.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अन्य आज्ञावलींत दर्शनी पटल ही सोयीची बाब असते. येथे ती संरक्षणाचीच बाब ठरते. पटल दुर्बोध असेल तर सामान्य माणसे दूर राहतात, गर्दी विरळ होते, आणि जाणकारांचेही संरक्षण घटते. डिंगलडाइन व मॅथ्यूसन यांनी 2006 मध्ये हाच युक्तिवाद मांडला. त्यापूर्वी 1999 मध्ये व्हिटन व टायगर यांनी पत्रे सांकेतिक करणाऱ्या पीजीपी या आज्ञावलीची परीक्षा घेतली, तेव्हा 12 पैकी 3 जणांनी गुप्त मजकूर अनवधानाने उघडाच पाठविला होता.

टॉरच्या पटलाचा इतिहासही बोधप्रद आहे. 2005 च्या सुमारास सुरू झालेल्या व्हिडॅलिया या पटलाचे नाव अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील एका गोड कांद्यावरून घेतलेले होते. टॉर चालू अथवा बंद करणे, सर्व्हरांचा नकाशा पाहणे, वाहतुकीचा आलेख न्याहाळणे या सोयी त्यात होत्या. परंतु त्यातील हिरवा कांदा टॉर चालू असल्याचे सांगे; ब्राउझर त्याच मार्गाने जात आहे की नाही, हे सांगत नसे. चिन्ह खरे असूनही त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा ठरू शकत होता. 2013 मध्ये व्हिडॅलिया वगळून जोडणीचे काम टॉर ब्राउझरमध्येच सामावून घेण्यात आले. यंत्रणा दाखविणाऱ्या पटलाकडून कार्य साधून देणाऱ्या पटलाकडे झालेले हे संक्रमण होय.

पुढील आखणीत तीन गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतील. पहिली, पर्यायांचा संयम. प्रत्येक नवी निवड वापरकर्त्यांस परस्परांपासून वेगळे करते. म्हणून उत्तम निवड आधीच केलेली असावी. दुसरी, कारणांचे निवेदन. खिडकीच्या नेमक्या आकारावरून माणूस ओळखता येऊ नये, म्हणून 2019 पासून टॉर ब्राउझर पानाभोवती रिकाम्या पट्ट्या सोडतो. कारण न कळल्यास वापरकर्ता हा बिघाडच समजेल.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती आपल्याला अधिक निकटची आहे. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळास आपल्या पसंतीची भाषा कळवीत असतो. जगभरच्या वापरकर्त्यांत मराठी कळविणारे थोडेच असणार. म्हणजे मातृभाषेची निवड हीच होडीवरील ठळक खूण ठरते. इंग्रजीखेरीज अन्य भाषेत टॉर ब्राउझर वापरणाऱ्यास म्हणूनच इंग्रजी पाने मागण्याचा पर्याय दिला जातो. यातील तत्त्व असे की, वापरकर्त्यास दिसणारी भाषा आणि बाहेरच्यास कळणारी भाषा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पटल संपूर्ण मराठी असूनही बाहेर जाणारी मागणी सर्वांसारखी ठेवता येते. मराठी पटल नको, असा याचा अर्थ नव्हे. उलट, इशारा समजलाच नाही तर सर्व सावधगिरी व्यर्थ होय.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. परंतु न्यायालयाने मान्य केलेला हक्क हाती येण्यास साधनही हाताळता यावे लागते. आपल्या आजाराविषयी किंवा घरातील छळाविषयी कोणास न कळता माहिती शोधू पाहणारी देवबागेतील एखादी स्त्री तंत्रज्ञ नसते. पटलावरील वाक्य तिला प्रथम वाचनातच कळले, तर तिचे रक्षण होते. आणि तिच्या येण्याने गर्दीत एकाची भर पडून इतरांचेही.