खोटी शस्त्रक्रिया, खरा पुरावा

1990 च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर येथे कंपवाताच्या 40 रुग्णांनी एका विचित्र प्रयोगाला संमती दिली. प्रत्येकाच्या कपाळाच्या हाडाला भोके पाडली जाणार होती. त्यांतल्या 20 जणांच्या मेंदूत सुईने डोपामिन बनवणाऱ्या गर्भपेशी सोडल्या जाणार होत्या. उरलेल्या 20 जणांच्या कवटीला भोके तेवढी पडणार होती. मेंदूला सुईचा स्पर्शही होणार नव्हता. आपण कोणत्या गटात आहोत हे वर्षभर रुग्णाला कळणार नव्हते, आणि त्याची तपासणी करणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

ऐकायला हे क्रूर वाटते. तेव्हाही वाटले होते. 1999 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने या खोट्या शस्त्रक्रियेच्या बाजूने आणि विरोधात असे दोन लेख एकाच अंकात छापले. रुग्णाला काहीही लाभ नसताना त्याच्या कवटीला भोक पाडणे वैद्यकीय नीतीत बसते का, हा विरोधकांचा सवाल होता. पण या आजारापुरते बोलायचे तर खोट्या शस्त्रक्रियेला अजून चांगला पर्याय सापडलेला नाही. कारण कंपवातात ‘आता बरे वाटेल’ या नुसत्या आशेनेही मेंदू डोपामिन सोडतो, आणि ते यंत्रावर मोजता येते.

दुरुस्तीची सुरुवात इथूनच का?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये सहा जणांच्या निरीक्षणावरून या आजाराचे वर्णन केले. हात थरथरतो, अंग आखडते, हालचाली मंदावतात, पावले आखूड पडू लागतात. याचे मूळ मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळसर पट्ट्यात आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. त्यांपैकी या पट्ट्यातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी जेमतेम काही लाख. त्या मरू लागल्या की हालचालींची घडी विस्कटते. लक्षणे दिसू लागेपर्यंत यातल्या बऱ्याच पेशी आधीच गेलेल्या असतात.

याच पेशी का मरतात, याचे एक उत्तर त्यांच्या घडणीत आहे. यातल्या एकेका पेशीच्या तंतूला पुढे इतक्या फांद्या फुटतात, की माणसात तिची इतर पेशींशी दहा लाखांहून अधिक जोडणीस्थाने असावीत असा अंदाज आहे. एवढा पसारा सांभाळायला अखंड ऊर्जा लागते, आणि अशा पेशीला थोडाही बिघाड सोसत नाही. दुसरे उत्तर एका प्रथिनात आहे. फ्रिडरिश लेवी यांनी 1912 मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूपेशींत गोळे पाहिले होते. ते मुख्यत्वे अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाचे असतात हे 1997 मध्ये उलगडले. त्याच वर्षी या प्रथिनाच्या जनुकातील बिघाडाने काही कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, हेही सिद्ध झाले.

अल्झायमरमध्ये अनेक भागांतल्या अनेक जातींच्या पेशी मरतात. कोणती पेशी कुठे बसवायची, हेच तिथे ठरत नाही. लेकानेमॅबसारखी नवी औषधे अल्झायमरची घसरण थोडी मंदावतात, गेलेल्या पेशी परत आणत नाहीत. कंपवातात मात्र हालचालींचा बहुतेक बिघाड एका जातीच्या, एका जागच्या पेशींमुळे होतो. मेंदूची दुरुस्ती करून पाहायची तर याहून सोपी जागा नव्हती.

पेशी नसली तरी तिने बनवलेले रसायन बाहेरून देता येते, हे आधीच कळले होते. मेंदूतल्या डोपामिनचे काम स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1957 मध्ये दाखवले. त्यासाठी 2000 साली त्यांना नोबेल मिळाले. ओलेह होर्निकिएविच यांनी 1960 मध्ये व्हिएन्नात, मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन अत्यल्प असल्याचे सिद्ध केले. 1967 मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी, मेंदूत ज्याचे डोपामिन होते त्या लेव्होडोपाचे मोठे डोस देऊन खुर्चीला खिळलेली माणसे चालती केली. आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत हेच लेव्होडोपा असते. दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्ये मद्रासमध्ये ते वेगळे काढले होते. आजही उपचारांचा कणा हेच औषध आहे. पण काही वर्षांनी त्याचा असर पुढचा डोस घेण्याआधीच ओसरू लागतो आणि अंगाला नकोशा, वळवळणाऱ्या हालचाली जडतात. म्हणून पेशीच बदलण्याचा विचार पुढे आला.

लुंड ते डेन्व्हर

स्वीडनमधील लुंड येथे 1987 मध्ये पहिली महत्त्वाची रोपणे झाली. गर्भपातातून मिळालेल्या काही आठवड्यांच्या गर्भाच्या मध्यमेंदूतल्या पेशी रुग्णाच्या मेंदूत सोडल्या गेल्या. त्या सबस्टॅन्शिया नायग्रात सोडत नाहीत. प्रौढ मेंदूत नव्या पेशीचे तंतू तिथून दूरवर पोहोचण्याची आशा फारच कमी. म्हणून जिथे डोपामिन लागते त्या पुटामेन या भागातच पेशी घालतात. विहीर आटली, पाटही बुजला, तेव्हा शेतातच टाकी बसवावी, तसा हा प्रकार. मूळ रचना यात परत येत नाही, गरज भागते.

लुंडच्या काही रुग्णांत उल्लेखनीय सुधारणा झाली. एका रुग्णाच्या मेंदूतले रोपण तर 24 वर्षांनंतर, मृत्यूनंतरच्या तपासणीतही जिवंत आढळले. एवढ्यावर जगभर ही शस्त्रक्रिया सुरू करा म्हणणारे कमी नव्हते. पण मग डेन्व्हरच्या प्रयोगाचे निष्कर्ष 2001 मध्ये आले.

आपल्याला किती बरे वाटते, याला रुग्णांनी वर्षअखेर दिलेल्या गुणांत दोन्ही गटांत फरक नव्हता. साठीच्या आतल्या रुग्णांच्या हालचालींच्या चाचणीत काही सुधारणा दिसली, पण रोपण झालेल्या 33 जणांपैकी पाच जणांना पुढे औषध कमी करूनही न थांबणाऱ्या हालचालींनी ग्रासले. (खोट्या शस्त्रक्रियेच्या गटातल्या काही जणांनी नंतर खरे रोपण करून घेतले होते, म्हणून हा आकडा 20 पेक्षा मोठा.) 34 रुग्णांवर दोन वर्षे चाललेल्या दुसऱ्या अमेरिकी प्रयोगातही 2003 मध्ये रोपणाच्या आणि खोट्या शस्त्रक्रियेच्या गटांत ठाम फरक निघाला नाही. विशेष म्हणजे डेन्व्हरच्या बहुतेक रुग्णांच्या मेंदूच्या चित्रांत रोपण जगलेले, डोपामिनचे काम करताना दिसत होते. पेशी जगणे आणि माणूस सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या चित्रांनी शिकवले.

आशेचे रसायन

त्याच 2001 साली व्हँकुव्हरच्या संशोधकांनी कंपवाताच्या रुग्णांना औषध म्हणून मिठाचे पाणी टोचले आणि पेट स्कॅनने मेंदू तपासला. औषध मिळाल्याच्या समजुतीने मेंदूने खरेखुरे डोपामिन सोडले होते. एरवी प्लासिबोचा, म्हणजे औषधाविना नुसत्या समजुतीचा परिणाम ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावता येतो. इथे मनाचा खेळ आणि आजाराचे रसायन एकच आहे. बक्षिसाची अपेक्षा मेंदूत डोपामिननेच व्यक्त होते, आणि कंपवातात टंचाई असते तीही डोपामिनचीच.

2015 मध्ये सिनसिनाटीच्या संशोधकांनी 12 रुग्णांना दोन इंजेक्शने दिली. एकाची किंमत 100 डॉलर, दुसऱ्याची 1,500 डॉलर असे सांगितले. दोन्हींत मिठाचेच पाणी होते. ‘महाग’ इंजेक्शनानंतर हालचाली ‘स्वस्त’पेक्षा अधिक सुधारल्या. मग कवटी उघडून केलेला उपचार किती आशा जागवत असेल, याचा अंदाज बांधता येतो. डेन्व्हरच्या रुग्णांच्या 2004 मधील पाहणीने तो पक्का केला. आपल्याला खरे रोपण मिळाले आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांनी जीवनमान सुधारल्याचे सांगितले. प्रत्यक्षात काय मिळाले, त्यापेक्षा काय मिळाले असे वाटते, याचा प्रभाव मोठा होता.

याची किंमत एका उपचाराने पुरेपूर चुकवली. नेत्रपटलाच्या रंगद्रव्यपेशी लेव्होडोपा बनवतात. त्या जिलेटिनच्या सूक्ष्म मण्यांवर वाढवून सहा रुग्णांच्या मेंदूत घातल्या गेल्या. सर्वांना माहीत होते की आपल्याला उपचार मिळाला आहे. वर्षभरात हालचालींच्या गुणांत सरासरी 48 टक्के सुधारणा झाली. मग 71 रुग्णांवर, खोट्या शस्त्रक्रियेच्या गटासह, तोच प्रयोग झाला. 2011 मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. ते 48 टक्के खोटे नव्हते. फक्त ते पेशींचे नव्हते.

क्योटो आणि न्यूयॉर्क

आता नव्या पिढीकडे येऊ. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या त्वचापेशींना पुन्हा मूलपेशींच्या, म्हणजे कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींच्या अवस्थेत नेले. 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. गर्भपातातून मिळणाऱ्या पेशींवर अवलंबून राहण्याची गरज त्याने संपली. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या लोरेन्झ स्टुडर यांच्या गटाने मूलपेशींपासून हुबेहूब मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशी बनवण्याची पद्धत बसवली. गर्भातून काढलेल्या ऊतीत कोणत्या पेशी किती येतील याचा भरवसा नसे. आता हव्या त्या जातीच्या पेशी, हव्या तेवढ्या, तपासून घेता येतात.

एप्रिल 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये दोन अहवाल प्रसिद्ध झाले. क्योटो विद्यापीठाच्या जुन ताकाहाशी यांच्या गटाने 50 ते 69 वयाच्या सात रुग्णांच्या मेंदूत यामानाका पद्धतीच्या पेशींपासून बनवलेल्या पूर्वपेशी घातल्या. दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम नाही, गाठ नाही. ज्यांचा परिणाम मोजला त्या सहांपैकी चार जणांच्या, औषधाविनाच्या हालचालींत सुधारणा दिसली. सहाही जणांची सरासरी धरली तर ती सुमारे 20 टक्के होती. दुसऱ्या अहवालात, अमेरिका-कॅनडातल्या 12 रुग्णांना गर्भमूलपेशींपासून बनवलेल्या पेशी दिल्या गेल्या. अधिक डोस मिळालेल्यांचे हालचालींचे गुण 18 महिन्यांत सरासरी 23 ने सुधारले. दोन्हीकडे रोपण नाकारले जाऊ नये म्हणून सुरुवातीला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागली. ती थांबवल्यावरही पेशी टिकल्याची लक्षणे दिसली. डेन्व्हरमध्ये ज्यांनी हैराण केले त्या नको त्या हालचाली या वेळी दिसल्या नाहीत. ही बातमी खरोखर मोठी आहे.

पण या दोन्ही प्रयोगांत तुलनेचा गट नव्हता. पहिल्या टप्प्यात तो अपेक्षितही नसतो. तिथे प्रश्न उपचार सुरक्षित आहे का एवढाच असतो. नेत्रपेशींच्या सहा रुग्णांची सुधारणा मात्र अशीच, किंबहुना अधिक ठसठशीत होती. तरीही जपानमध्ये 2025 मध्येच क्योटोच्या पेशींना परवानगी मागणारा अर्ज झाला. अमेरिकेत दुसऱ्या उपचाराची पुढची पायरी म्हणून सुमारे 100 रुग्णांवर, खोट्या शस्त्रक्रियेच्या गटासह प्रयोग सुरू झाला आहे. रुग्ण किती सुधारले, हा आकडा बातमीच्या मथळ्यात असेल. त्याआधी ज्यांच्या मेंदूत काहीच घातले नाही ते किती सुधारले, हे पाहायला हवे. उपचाराचा वाटा म्हणजे या दोन आकड्यांतला फरक.

तो फरक चांगला निघाला तरी काही प्रश्न उरतीलच. 2008 मध्ये जुन्या रोपणांच्या तपासणीत असे दिसले, की दहा-पंधरा वर्षांनंतर नव्या पेशींपैकी काहींमध्येही लेवीचे गोळे तयार होतात. म्हणजे आजार चालूच राहतो आणि नव्यांना गाठतो, पण हळूहळू. शिवाय वास न येणे, बद्धकोष्ठ, नैराश्य, स्मृतिभ्रंश ही या आजाराची दुसरी बाजू. पुटामेनमधल्या पेशींनी तिला हात लागणार नाही.

आपल्या दारातली जाहिरात

भारतात कंपवाताच्या रुग्णाला ‘स्टेम सेल’ उपचाराच्या जाहिराती शोधाव्या लागत नाहीत. त्या त्याच्या फोनवर येतात. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी कंबरेच्या हाडातून किंवा पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी शिरेत किंवा मणक्यात टोचतात. क्योटोत वापरलेल्या पेशींशी त्यांचा संबंध नावापुरताच. त्या मेंदूत जाऊन डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशी होतात याला पुरावा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताशी संबंधित काही आजारांतील रोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा आहे.

तरीही ‘आमच्या बाबांना खरेच फरक पडला’ असे सांगणारी माणसे भेटतील. ती खोटे बोलत नसतात. लाखो रुपये मोजून, मोठ्या आशेने घेतलेल्या इंजेक्शनाने काही काळ डोपामिन वाढणे शक्य आहे. व्हँकुव्हरच्या प्रयोगात ते वाढलेले दिसले होते, आणि सिनसिनाटीत ‘महाग’ इंजेक्शनाने हालचाली अधिक सुधारल्या होत्या. यातून आशा निरुपयोगी ठरत नाही. नियमित व्यायाम, लय धरून चालणे, पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटात भेटणे यांनी रुग्णाला बळ मिळते, आणि त्यात आशेचाही वाटा असेल तर बिघडत नाही. तिथे ती विकली जात नाही.

म्हणून कुणी मेंदूच्या दुरुस्तीचा प्रस्ताव घेऊन आला तर तीन प्रश्न विचारावेत. पेशी नेमक्या कोणत्या आणि त्या कुठे घालणार? ही चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’त कोणत्या क्रमांकाने नोंदली आहे? आणि रुग्णाने पैसे किती द्यायचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शून्याखेरीज दुसरे काही आले, तर पहिल्या दोन उत्तरांची वाट न पाहता उठावे. मान्य चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.